मोत्याचा डूल घातलेली मुलगी

आज नेदरलँड्समधल्या द हेगच्या मॉरित्सहाउस संग्रहालयात सतराव्या शतकातला डच चित्रकार व्हर्मीर याच्या चित्रातली ती मुलगी प्रत्यक्ष पाहिली. चित्र जेमतेम ४४ सेंटिमीटर उंच, पण समोरून पाय निघेना. ट्रेसी शेव्हालिये यांनी चित्राच्याच नावाच्या १९९९च्या कादंबरीत तिला चित्रकाराच्या घरची मोलकरीण केलं, ग्रीट नाव दिलं. तेव्हापासून माझ्यासाठी ती ग्रीटच. खरी कोण होती कुणालाच ठाऊक नाही, म्हणून तर गोष्टीला जागा मिळाली. लेखिकेच्या खोलीत वयाच्या १९व्या वर्षापासून या चित्राचं पोस्टर होतं. ही अशी का बघते, हा प्रश्न तिला वर्षानुवर्षं छळत राहिला. मी समजू शकते!

जवळून पाहिलं तर डूल म्हणजे पांढऱ्या रंगाचे दोनच फटकारे. वर एक ठळक चमक, खाली पांढऱ्या कॉलरची पुसट झाक. कानात अडकवायची कडीसुद्धा रंगवलेली नाही. आणि हे चित्र १८८१ साली लिलावात अवघ्या २ गिल्डर (तेव्हाचं डच चलन) ३० सेंटला गेलं होतं, जीव तुटतो ऐकून.

मला मात्र ग्रीट स्वतःचा कान टोचते तो प्रसंगच आठवत होता. कादंबरी पुन्हा वाचायला घेतेय. तुमच्यापैकी कुणी वाचलीय? तुम्हाला तिच्या नजरेत काय दिसलं, नक्की सांगा.