घरात ज्वारी आहे, खिशात पैसे नाहीत

२६ तारीख, रात्री

आज कॉलेजात मुलींची हिमोग्लोबिन तपासणी झाली. माझं साडेनऊ निघालं, रूममेटचं नऊच्याही खाली. रक्त तपासणाऱ्या ताईंनी लोहाच्या गोळ्या दिल्या. जेवणाबरोबर चहा घेऊ नका, त्याने अन्नातलं लोह अंगी लागत नाही, भाजीवर लिंबू पिळत जा, हे त्यांनी एकेकीला नीट समजावून सांगितलं. ते खरोखर कामाचं होतं. मग व्याख्यान झालं. मुली डाएटपायी उपाशी राहतात, नाश्ता चुकवतात, वडापाव आणि मॅगीवर दिवस काढतात, सवयी बदला, असं बरंच काही. आम्ही सगळ्या माना खाली घालून ऐकत होतो. आज तारीख किती आहे ते तरी बघा, असं मला सारखं म्हणावंसं वाटत होतं.

कारण आमच्या खोलीतलं जेवण तारखेवर चालतं. मेसचे पैसे आगाऊ द्यावे लागतात. फुल डब्यात चार चपात्या, भाजी, वरण, भात. हाफ डब्यात चपात्या आणि भाजी. महिन्याच्या सुरुवातीला तिघींचे तीन फुल डबे असतात. वीस तारखेच्या आसपास परीक्षेचा फॉर्म, झेरॉक्स, बसभाडं असं काहीतरी निघतं आणि कुणाच्या तरी घरून पैसे यायचे राहतात. मग तीन डब्यांचे दोन होतात. एकीने म्हणायचं, मला आज भूक नाही. बाकीच्या दोघींनी ते खरं मानायचं. सकाळी चहात बिस्किटं, दुपारी चुरमुरे. याला सवय म्हणणं मला पटत नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायकांना रक्तक्षय आढळला. म्हणजे निम्म्याहून जास्त. एवढ्या सगळ्या बारीक होण्याच्या नादात जेवण सोडून बसल्यात, असं कुणाला खरंच वाटतं का?

आणि मला जास्त लागतं ते हे की आमच्या घरात धान्य नाही असं नाही. मी मंगळवेढा तालुक्यातली. ज्वारीचं कोठार म्हणतात आमच्या भागाला. २०१६ साली मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकनही मिळालं. घरी मालदांडी ज्वारीची पोती थप्पीला आहेत. पण बाबांच्या हातात पैसा येतो तो फेब्रुवारी-मार्चमध्ये, सुगी झाल्यावर, आणि आल्याबरोबर सोसायटीच्या कर्जात जातो. मेसचे पैसे मात्र दर महिन्याला रोख लागतात. घरात ज्वारी आहे आणि सोलापुरात मुलगी अर्ध्या डब्यावर आहे, ही गोष्ट आईला फोनवर सांगवत नाही.

रेशनचंही तेच. कार्डावर माझं नाव आहे. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने माणशी महिन्याला पाच किलो धान्य मिळतं, २०२३ पासून तर फुकट. माझ्या वाट्याचं गावातच उचललं जातं. ते आता कुठल्याही दुकानातून उचलता येतं, हे मला माहीत आहे. पण इथे उचलून करू काय? खोलीवर गॅस चालत नाही. इंडक्शन लावलं की घरमालकीण काकू लाईटबिलाचं काढतात. त्यांचंही चूक म्हणता येत नाही.

शाळेत हे असं नव्हतं. आठवीपर्यंत दुपारची खिचडी होती. पाचवीपर्यंतच्या मुलाला एका जेवणात ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिनं, सहावी ते आठवीला ७०० उष्मांक आणि २० ग्रॅम, असं सरकारने मोजून ठरवलेलं आहे. नववीत गेलं की मोजणं संपतं. विद्यापीठापर्यंत पोचलेल्या पोराने दुपारी काय खाल्लं, हे विचारण्याची कुणाची जबाबदारीच नाही.

दादा सोलापुरात शिकत होता तेव्हा घरचा डबा एसटीने यायचा. आई चारला उठायची. कापडी पिशवीत चार पुडांचा डबा, पिशवीच्या बंदाला नावाची चिठ्ठी शिवलेली. पहाटेच्या गाडीत ड्रायव्हर तो शेजारच्या इंजिनाच्या बॉनेटवर ठेवायचा, म्हणून दादाच्या हातात पडेपर्यंत भाकरी गरम असायची. कालचा रिकामा डबा त्याच गाडीने परत. यात कुणी कुणाला पैसे देत नव्हतं. २०२१ च्या नोव्हेंबरात एसटीचा संप सुरू झाला तो पुढच्या एप्रिलपर्यंत चालला. दादाने मेस लावली. संप मिटला, पण आमची ती थेट गाडी काही परत सुरू झाली नाही. शेतातलं धान्य शहरातल्या ताटापर्यंत पोचवणारी ती एक वाट होती आणि ती बुजली, असं मला वाटतं.

आता आई कडक भाकरी पाठवते. भाकरी पातळ थापायची, भाजून झाल्यावर मंद आचेवर वाळवत ठेवायची, पापडासारखी वाजेपर्यंत. आठवडे टिकते. सोबत शेंगाचटणी, उखळात लसूण आणि तिखट घालून तेल सुटेपर्यंत कुटलेली. शंभर ग्रॅम शेंगदाण्यात पंचवीसेक ग्रॅम प्रथिनं असतात. वरणात भाकरी चुरायची, चटणी, कच्चा कांदा, आणि आता ताईंनी सांगितल्याप्रमाणे लिंबू. महिनाअखेरीस आमची खोली या एका पत्र्याच्या डब्यावर उभी असते.

सरकारच्या शिवभोजन थाळीबद्दल मला कुणी विचारलं तर मी चांगलंच सांगेन. २६ जानेवारी २०२० ला सुरू झाली: दहा रुपयांत दोन चपात्या, भाजी, वरण, भात. पण केंद्रं असतात स्टँड, दवाखाना, बाजार अशा ठिकाणी, आणि आमचं विद्यापीठ शहराबाहेर केगावला. शिवाय तिथे जेवणाऱ्याचा फोटो मोबाईलवर काढतात. हिशेबासाठी लागत असेल. रूममेट एकदा रांगेतून तेवढ्यासाठी परत आली. हीच मुलगी अक्कलकोटला अन्नछत्रात पोटभर जेवते, कारण तिथे गाडीवाला आणि पायी आलेला एकाच पंगतीला बसतात. भुकेच्या आधी लाज उभी असते, आणि योजना आखणाऱ्यांनी आधी ती दूर केली पाहिजे.

२७ तारीख

मेसच्या काकूंशी आज बोलले. पैशांऐवजी काही भाग ज्वारी चालेल का, असं सरळ विचारलं. हे काही माझ्या डोक्यातून आलेलं नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्याच्या वसतिगृहासाठी घराघरांतून मूठ मूठ धान्य गोळा केलं होतं, ते शाळेत शिकलेच होते. वसतिगृहातली मुलं जेवावीत म्हणून त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र विकलं, हेही. तेव्हा धान्यावर शिक्षण चालत होतं, तर आता का चालू नये?

काकूंनी हसण्यावारी नेलं नाही. पीठ मळत मळत हिशेब मांडायला लागल्या. किलोभर पिठाच्या साधारण दहा भाकऱ्या. रोज दोन धरल्या तर मुलीमागे महिन्याला सहा किलो, दळणात जाईल ते वेगळं. त्यांची अडचण ज्वारीची नाहीच, हाताची आहे. चपात्या लाटायला बाई मिळते, भाकरी थापायला मिळत नाही, मिळाली तर पैसे जास्त मागते. म्हणून भाकरी फक्त रात्री, आणि सुरुवातीला आठ-दहा मुलींपुरती. ज्वारी निवडून आणायची, किडकी नको. बाजारभावाने धरतील आणि तेवढे पैसे मेसमधून वजा.

रात्री बाबांना फोन केला. ते थोडा वेळ गप्प होते, मग म्हणाले, अर्धं पोतं रविवारी पाठवतो. सांगोल्याच्या आणि मोहोळच्या मुलींनाही उद्या विचारते. वर्गात किमान चारजणींच्या घरी ज्वारी आहे. एसटीत पोत्याचं लगेज किती पडतं, ते कंडक्टरला विचारायचं आहे. जास्त पडलं तर दोन हप्त्यांत आणावी लागेल.