पाच अक्षरांची 'मराठी'

गोव्यात डिचोलीला माझं लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान आहे. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज टेनचे मोफत अपडेट थांबले, तेव्हापासून जुनी मशीनं घेऊन येणारी माणसं वाढलीत. विंडोज इलेव्हनला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि साधारण आठव्या पिढीपासूनचा इंटेल प्रोसेसर लागतो. बरेच दुकानदार तेवढंच सांगून नवा लॅपटॉप गळ्यात मारतात. धडधाकट मशीन भंगारात घालायला लावणं ही मला सरळ फसवणूक वाटते.

नोव्हेंबरात वाळपईकडचे एक निवृत्त मास्तर आले. दुसऱ्या पिढीचा आय-थ्री, ४ जीबी रॅम, रखडणारी हार्ड डिस्क. पावसाळ्यातल्या दमटपणाने रॅमच्या सोनेरी पट्ट्या काळवंडल्या होत्या. त्या खोडरबराने अलगद घासल्या, हार्ड डिस्क काढून २४० जीबीची एसएसडी बसवली आणि विंडोजऐवजी लिनक्स मिंट या मोफत प्रणालीची हलकी एक्सएफसीई आवृत्ती टाकली. वायफाय दिसेना, तेव्हा मोबाइल यूएसबीने जोडून ड्रायव्हर उतरवला. डॉक्युमेंट्सचं फोल्डर जसंच्या तसं आणलं. मशीन पळायला लागलं, मी खूश.

मास्तरांनी पहिली फाइल उघडली आणि त्यांचा हात माउसवरच थांबला. पानभर इंग्रजी अक्षरांची खिचडी. सत्तरी तालुक्यातल्या रणमाल्याची, म्हणजे तिथल्या लोकनाट्याची, गाणी होती ती, म्हाताऱ्या माणसांकडून ऐकून बारा वर्षं टंकलेली.

"गेलं रे सगळं?" एवढंच म्हणाले.

गेलं काहीच नव्हतं. युनिकोड म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणारी पद्धत. कृतिदेवसारख्या त्याआधीच्या फॉन्टमध्ये फाइलीत मराठी नसतंच. असतात इंग्रजी अक्षरं, फॉन्ट त्यांच्या जागी देवनागरीचे तुकडे दाखवतो. ई, जे, के, मोठा बी, एच ही पाच अक्षरं म्हणजे 'मराठी'. फॉन्ट होता विंडोजच्या फोल्डरात, आणि तिथे मी डोकावलोच नव्हतो. मशीन कशासाठी वापरता, हा पहिला प्रश्न मी त्यांना विचारलाच नव्हता. याची टोचणी अजून आहे.

काढलेली डिस्क महिनाभर ठेवायची हा माझा नियम. दुकानातला पोरगा तीच डिस्क सकाळी भंगाराच्या खोक्यात टाकत होता, मी ओरडून थांबवलं होतं. ती बाहेरून जोडली, फॉन्टची फाइल उचलली, होम फोल्डरातल्या लपलेल्या फॉन्ट्स फोल्डरात टाकली, फॉन्ट कॅश, म्हणजे मशीनकडची फॉन्टची नोंद, ताजी केली. लिबरऑफिस हे वर्डसारखं सॉफ्टवेअर पुन्हा उघडलं आणि गाणं उमटलं. मास्तर पहिली ओळ हलक्या आवाजात म्हणाले.

पण ही गाणी एका छोट्या फाइलीवर तग धरून आहेत, हे मला झोपू देईना. युनिकोडात न्यायचं म्हटलं तर जुन्या पद्धतीत ऱ्हस्व वेलांटी अक्षराआधी टंकलेली असते आणि रफार नंतर, दोन्हींच्या जागा उलटाव्या लागतात. कन्व्हर्टरमधून एक गाणं काढलं, तर 'अर्जुन'चा 'अजुर्न' झाला. मास्तरांनी तो एका नजरेत पकडला.

"कर युनिकोड," ते म्हणाले, "पण मी वाचल्याशिवाय जुनं पुसू नको."

आता ते दर शनिवारी कदंबाच्या बसने येतात. अकरा गाणी तपासून झालीत. ती डिस्क, महिना कधीच उलटला तरी, माझ्या खणातच आहे.