‘इतर औषधे?’ – ‘नाही’

सासूबाईंची हृदयातली मायट्रल झडप बदललेली, धातूची. त्यामुळे रक्त पातळ ठेवणारी ॲसेनोकुमॅरॉलची गोळी कायमची आणि आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा आकडा; जास्त म्हणजे रक्त जास्त पातळ) 2.5 ते 3.5 मध्ये हवा. या वेळी आला 5.8. रक्तस्राव कुठे नव्हता, म्हणून डॉक्टरांनी एक डोस वगळून परत तपासायला सांगितलं. इथवर सोपं. घोडं अडलं ते ‘वाढला कशानं?’ इथे.

ओपीडीच्या कागदावर ‘इतर औषधे’ला बोटभर जागा. तिथे दर वेळी ‘नाही’. खोटं नव्हतं हो ते! औषध म्हणजे डॉक्टरांनी लिहून दिलेली गोळी. गुडघ्यांसाठीची हळदीची कॅप्सूल घरगुती, काढा घरगुती, आणि लसणाची कॅप्सूल तर काय, खाण्यातलीच. ‘काढा, चूर्ण, कॅप्सूल, गव्हांकुर घेता का?’ एवढी ओळ छापायला किती शाई लागते?

डॉक्टर म्हणाले, घटक लिहून आणा. डबीवर पुढे हळकुंडाचं झोकदार चित्र. मागे, भिंग लावल्यावर: कर्क्युमिन 500 मिग्रॅ, पिपरीन 5 मिग्रॅ. हळदीत कर्क्युमिन साधारण 3 टक्के, म्हणजे एका कॅप्सूलमध्ये 15 ग्रॅमहून जास्त हळदीचा ऐवज. वर पिपरीन, म्हणजे मिऱ्यातलं द्रव्य. कर्क्युमिन एरवी आतड्यातून फारसं शोषलं जात नाही, ते जावं म्हणून घातलेलं. आमटीतल्या चिमूटभर हळदीशी याची बरोबरीच नाही. डबीवरच्या नंबरावर फोन केला. ‘नॅचरल आहे मॅडम, काही होत नाही.’ रक्त पातळ करणाऱ्या गोळीबरोबर? ‘ते डॉक्टरांना विचारा.’ काढ्याच्या पाकिटावर तर नुसती वनस्पतींची नावं, प्रमाण नाहीच. यात तीन चकरा. न्यूझीलंडच्या मेडसेफने, म्हणजे तिथल्या औषध-नियामक संस्थेने, 2018 मध्येच इशारा दिला होता: वॉरफरिनवर (ॲसेनोकुमॅरॉलच्याच जातीची गोळी) स्थिर असलेल्या रुग्णाचा आयएनआर हळदीचं उत्पादन सुरू केल्यावर 10 च्या वर गेला होता.

तेव्हा डब्या-पाकिटांचे दोन्ही बाजूंचे फोटो मोबाइलमध्ये ठेवा, चकरा वाचतील.

लसूण, आलं, गिंको (एका झाडाची पानं) यांच्या कॅप्सूलची गोम वेगळी. त्या प्लेटलेट्सना, म्हणजे रक्तस्राव थांबवणाऱ्या पेशींना, एकमेकींना चिकटू देत नाहीत, आणि ते आयएनआरमध्ये दिसत नाही. आकडा छान आणि हिरड्यांतून रक्त, असं होऊ शकतं. काळी शौच झाली किंवा डोक्याला मार लागला, तर रिपोर्टची वाट न पाहता थेट कॅज्युअल्टी.

गव्हांकुर, हिरव्या पानांच्या पावडरी उलट्या दिशेनं ओढतात. त्यातल्या व्हिटॅमिन के मुळे आयएनआर घसरतो, झडपेवर गुठळीची भीती. पण म्हणून एका दिवसात बंदही करू नका. गोळीचा डोस त्यांच्यासकट बसवलेला असेल, तर बंद केल्यावर आकडा वर उसळतो. आधी सांगा, मग थांबवा, आणि पुढची तपासणी लवकर करून घ्या.

रिव्हरॉक्साबॅन, ॲपिक्साबॅन या रक्त पातळ ठेवणाऱ्या नव्या गोळ्या घेणाऱ्यांनी ‘आम्हाला आयएनआर नको’ म्हणून निर्धास्त राहू नये; बिघडलं तर नेहमीच्या तपासणीत दाखवणारा आकडाच नाही. परदेशातून कुणी आणलेल्या डबीत सेंट जॉन्स वर्ट (उदासीवर घेतात ती वनस्पती) असेल तर या गोळ्यांचा आणि वॉरफरिनचाही असर कमी होतो.

हो, आणि लॅबमध्ये लक्ष ठेवा: निळ्या झाकणाची नळी खुणेपर्यंत भरलीच पाहिजे. रक्त कमी पडलं की नळीतल्या, रक्त गोठू न देणाऱ्या सायट्रेटचं प्रमाण जास्त होतं आणि आकडा उगाच वाढलेला येतो. आमचा दुसरा नमुना मी खुणेपर्यंत भरून घेतला. 3.1 आला. कॅप्सूलची नोंद आता कागदाच्या समासात करते, बोटभर जागेत मावत नाही.