आठ रात्री आणि तीन चिठ्ठ्या

गेल्या पंधरवड्यात सांगलीच्या गावभागातल्या आमच्या घरी सलग आठ रात्री जेवणे साडेआठच्या आत उरकली, आणि त्याचे कारण होते इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरचे एक काल्पनिक गाव. 'ब्रॉडचर्च' ही २०१३ सालची ब्रिटिश मालिका आम्ही जरा उशिराच पाहायला घेतली. तिच्या पहिल्या पर्वाचे आठ भाग तिकडच्या प्रेक्षकांनी दर सोमवारी एक असे पुरवून पाहिले होते. आमचा रतीब रोज एका भागाचा होता, कारण दुसरा भाग लावला की आईला डुलकी लागते आणि मग सकाळच्या चहाबरोबर तो सगळा पुन्हा सांगत बसावे लागते.

कथा सांगायला सोपी आहे. समुद्रकाठच्या कड्याखाली अकरा वर्षांच्या एका मुलाचा मृतदेह सापडतो. तो वरून पडला असावा असा देखावा कोणीतरी रचला आहे, हे पोलिसांच्या लवकरच ध्यानात येते. हा कडा डॉर्सेटमधल्या वेस्ट बे इथला, जुरासिक काळातल्या वालुकाश्माचा. सह्याद्रीच्या काळ्या कातळाला सरावलेल्या आमच्या डोळ्यांना तो पहिल्या रात्री मार्केट यार्डात सौद्यासाठी ओतलेल्या हळदीच्या ढिगासारखा दिसला, आणि असे आईने बोलूनही दाखवले. त्याच्यावर ऊन पडले की तो इतका देखणा दिसतो की त्याच्या पायथ्याशी काय घडले आहे याचा क्षणभर विसर पडतो, आणि तसा विसर पडल्याची मग लाज वाटते.

मला मात्र त्या कड्यापेक्षा सुरुवातीचे एक दृश्य अधिक अस्वस्थ करून गेले. मुलाचा बाप सकाळी नेहमीप्रमाणे कामावर निघालेला असतो. गावातल्या रस्त्याने जाताना तो याला हात करतो, त्याच्याशी दोन शब्द बोलतो, आणि कॅमेरा कुठेही न तुटता त्याच्यासोबत चालत राहतो. ती सगळी माणसे पुढे एकेक करून संशयाच्या घेऱ्यात येणार असतात. मारुती चौकातून हरभट रोडने घरी येताना मीही असाच चालतो. पिशवीतली भाजी घरी पोचायच्या आत ती कितीला घेतली हे पोचलेले असते. मोठ्या शहरात खुनी हा कोणी अनोळखी असावा अशी निदान आशा तरी करता येते, पण अशा गावात तो आपल्याला ‘काय, जेवण झालं का’ असे विचारणाऱ्यांपैकीच एक असतो. म्हणूनच मालिकेतली स्थानिक पोलीस अधिकारी एली मिलर प्रत्येक नावाला ‘तो तसा नाही’ म्हणून अडखळते, आणि बाहेरून आलेला, कोणाच्याही घरचा चहा न प्यायलेला तिचा वरिष्ठ अलेक हार्डी ते नाव निमूटपणे यादीत चढवतो. सांगलीजवळच्या हरिपूरला हळद साठवण्याची जमिनीखालची पेवे असत. ‘संशयाचे पेव फुटले’ असे आपण सहज लिहून जातो, पण वरून सपाट दिसणाऱ्या जमिनीच्या पोटात किती काय मावते हे मला या मालिकेने नव्याने दाखवले.

पाण्याचाही एक फरक मला सारखा जाणवत होता. आमचे पाणी लपवाछपवी करत नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेने ५७ फुटांची पातळी ओलांडली, त्याची मातकट रेघ आमच्या जिन्याच्या भिंतीवर दोनदा रंग देऊनही पावसाळ्यात पुन्हा उमटते. समुद्राचे तसे नाही. साधारण सव्वाबारा-साडेबारा तासांनी भरती येते आणि वाळूवरची पावले, ओरखडे, काय असेल ते घेऊन जाते. पडद्यावर लाट पुढे सरकली की माझा जीव वरखाली होई, आणि ‘अरे, लवकर फोटो तरी काढा’ असे मी पोलिसांना मराठीतून बजावत असे.

तिसऱ्या रात्री लेकीने एक खेळ काढला. तिघांनी खुनी कोण ते चिठ्ठीवर लिहायचे आणि चिठ्ठ्या भडंगाच्या रिकाम्या डब्यात टाकायच्या. माझी पत्नी पंच. तिने आधीच शेवट वाचून ठेवला असल्याचा आम्हाला दाट संशय होता. चित्रीकरण बरेच पुढे जाईपर्यंत बहुतेक नटांनाही खुनी कोण हे सांगितलेले नव्हते, असे लेकीने कुठेतरी वाचून आम्हाला ऐकवले, तेव्हा मला गंमत वाटली. आमची सांगली नाट्यपंढरी. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी इथे ‘सीतास्वयंवर’ उभे केले, तेव्हा सीता कोणाला माळ घालणार याविषयी एकाही प्रेक्षकाच्या मनात शंका नव्हती, आणि तरी लोकांनी ते पाहिले. शेवट ठाऊक नसलेला नट समोरच्या नटाकडे कसा पाहतो हे मी त्यानंतर मुद्दाम न्याहाळू लागलो.

आई या खेळात असूनही नसल्यासारखी होती. इंग्रजी तिला कळत नाही; मी अधूनमधून सांगेन तेवढ्यावर ती चेहरे वाचते. चौथ्या की पाचव्या रात्री, मी तिला मोबाइल, जबाब असे काही समजावत असताना तिने मला थांबवले.

“ते राहू दे. त्या बाईच्या घरी कुणी भाकरी नेऊन दिली का?”

मला उत्तर देता आले नाही. आमच्या गल्लीत कोणाचे गेले की त्या घरची चूल पेटत नाही आणि पिठल्याचे पातेले न सांगता दारात येते, हा तिचा हिशेब होता. पुढच्या भागांत मी गेलेल्या मुलाच्या आईच्या ओट्याकडे आणि टेबलाकडे पाहत राहिलो, आणि पुराव्यांचे धागे माझ्या हातून सुटू लागले.

आठव्या रात्री खुनी कळला. तो कोण हे मी इथे लिहिणार नाही. एली मिलरला ते सांगितले जाते तो प्रसंग ऑलिव्हिया कोलमनने असा केला आहे की आमच्या खोलीत बराच वेळ फक्त पंख्याचा आवाज होता. मग आई गुडघ्यावर हात टेकून उठली, तिने देवापुढची समई शांत केली आणि ती झोपायला गेली. पत्नीने टीव्ही बंद केला. लेकीने डबा हातात घेतला, थोडा हलवला आणि होता तसा फडताळात ठेवून दिला.

परवा नवे भडंग आले, तेव्हा पत्नीने ते दुसऱ्या डब्यात भरले.