लक्षवाती आणि दुसरी सर्व्हिस

मेलबर्नला आमच्या उपनगरातल्या टेनिस क्लबात सहा कोर्टं आहेत. वाळू पसरलेली कृत्रिम हिरवळ, चारी बाजूंना तारेची जाळी आणि कडेला एक लाकडी खोली. तिथे चहाची किटली असते आणि भिंतीवर जुन्या विजेत्यांच्या नावांच्या पाट्या. ऑक्टोबर ते मार्च दर शनिवारी दुपारी आम्ही चौघी सामना खेळतो. सगळे सेट दुहेरीचे. पंच नसतो. आपल्या बाजूला पडलेला चेंडू आत की बाहेर, हे आपणच पुकारायचं आणि शंका असेल तर पॉइंट समोरच्यांना द्यायचा.

मी छत्तिसाव्या वर्षी इथेच टेनिस शिकले. सांगलीत असताना रॅकेट कधी हातातही धरली नव्हती. फोरहँड दोन वर्षांत बसला, बॅकहँडला तीन लागली. सामन्यात मन जागेवर ठेवायला मात्र अजून शिकतेच आहे.

नोव्हेंबरमधल्या एका शनिवारची गोष्ट. ४-४ अशी बरोबरी होती. माझा फटका पलीकडच्या रेषेवर पडलेला मी स्पष्ट पाहिला आणि समोरून आवाज आला, ‘आउट’. या हिरवळीवर चेंडूची खूण उमटत नाही, त्यामुळे दाखवायला काही नव्हतं. पुढचे चार पॉइंट मी खेळले, पण मनात तो एकच चेंडू पुन्हा पुन्हा पडत होता. राग आला की श्वास आखूड होतो आणि मूठ आवळली जाते. आवळलेल्या मुठीने मनगट सुटत नाही, रॅकेट जोरात फिरत नाही आणि पहिली चुकल्यावर मिळणारी दुसरी सर्व्हिसही जाळ्यात जाते, म्हणजे पॉइंटच जातो. माझ्या दोन गेल्या. सेट आम्ही ६-४ असा हरलो. चोरीला गेला होता एकच पॉइंट, बाकीचे मी स्वतःच्या हाताने देऊन टाकले.

टेनिसमध्ये चेंडू खेळात असतो तो वेळ थोडा आणि दोन पॉइंटच्या मधला रिकामा वेळ फार. व्यावसायिक सामन्यांत त्यासाठी पंचवीस सेकंद मिळतात, बाजू बदलताना नव्वद. रॅली चालू असताना मन भरकटत नाही, डोळ्यांना काम असतं. मन भरकटतं ते या पंचवीस सेकंदांत. शिवाय या खेळाला घड्याळ नाही. पुढे असताना वेळ काढता येत नाही आणि मागे असताना वेळ संपत नाही. शेवटचा पॉइंट कुणाला तरी जिंकावाच लागतो.

म्हणून मी जानेवारीत ऑस्ट्रेलियन ओपन पाहते, तेव्हा फटक्यांपेक्षा दोन फटक्यांमधली माणसं जास्त पाहते. २०२२ ची पुरुषांची अंतिम लढत मी घरी टीव्हीवर शेवटपर्यंत पाहिली. नदाल पहिले दोन सेट मेदवेदेवला हरला होता, तिसराही गेला असता तर सामनाच संपला असता. तिसऱ्यात २-३, सर्व्हिस त्याची आणि ०-४०, म्हणजे आणखी एक पॉइंट गेला की गेम गेला. तिथून त्याने तो गेम वाचवला. पाचव्या सेटमध्ये तर ५-४, ३०-० असा पुढे असताना, जिंकायला दोन पॉइंट हवे असताना, त्याची सर्व्हिस भेदली गेली, म्हणजे स्वतःच्या सर्व्हिसचा गेम तो हरला. माझ्या पोटात खड्डा पडला. त्याने मात्र पुढच्याच गेममध्ये मेदवेदेवची सर्व्हिस भेदली. मग बाजू बदलताना तो खुर्चीकडे गेला, पाणी प्यायला, दोन्ही बाटल्या नेहमीच्याच जागी, लेबलं कोर्टाकडे करून ठेवल्या आणि ७-५ असा सामना संपवला. पाच तास चोवीस मिनिटं झाली होती, इथे रात्रीचा एक वाजून गेला होता. त्या बाटल्यांना लोक अंधश्रद्धा म्हणतात. त्याने स्वतः सांगितलंय की डोक्यात जी शिस्त हवी असते, तीच तो आजूबाजूला मांडत असतो. मला ते पूर्ण पटतं. घरात कुणी आजारी असलं की आपण आधी देवघर पुसतो, ते याहून वेगळं काय असतं?

फेडररने २०२४ मध्ये अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजच्या पदवीदान समारंभात सांगितलेला एक आकडाही मी जपून ठेवलाय. एकेरीचे १,५२६ सामने तो खेळला आणि त्यांतले जवळजवळ ८० टक्के जिंकला. पॉइंट मात्र जिंकले फक्त ५४ टक्के. म्हणजे इतका मोठा खेळाडूसुद्धा जवळजवळ दर दुसरा पॉइंट हरत होता.

त्या नोव्हेंबरच्या सामन्यानंतर माझ्या जोडीदारीणबाईंनी, त्या बहात्तर वर्षांच्या आहेत, मला एक गोष्ट करायला सांगितली. पॉइंट गेला की जाळ्याकडे पाठ करायची, मागच्या तारेपर्यंत चालत जायचं, तारेला हात लावायचा आणि मगच वळायचं. तोवर नजर रॅकेटच्या दोऱ्यांवर. तारेपाशी एक लांब श्वास सोडायचा आणि पुढचा चेंडू कुठे मारायचा, एवढंच ठरवायचं. दोन महिने मी हे मनापासून केलं. हात तारेला लागायचा, पण ओठ हलतच राहायचे.

ते आईने पाहिलं. ती डिसेंबरात आली. लक्षवातींचा संकल्प आहे तिचा. इथल्या औषधांच्या दुकानातला कापूस नीट वळत नाही म्हणून सरकी काढलेला कापूस तिने विमानतळावर दाखवून, रीतसर सोबत आणला. शनिवारी कोर्टाबाहेरच्या बाकावर थर्मास घेऊन ती वाती वळत बसते. पहिल्याच दिवशी घरी येताना गाडीत म्हणाली, “अगं, तू मधेमधे कुणाशी बोलत असतेस?”

“स्वतःशीच गं. चूक झाली की.”

“काय बोलतेस?”

मी सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “माझ्या शंभरात दहा वाती तुटतात. तुटलेली बाजूला ठेवायची, मोजायची नाही. तिच्याकडे बघत बसले तर हातातली पण तुटते.”

तिने ‘लक्ष’ म्हटलं की ते एक लाख असतं, मी म्हटलं की चित्त. शब्द एकच आहे, हे मला तोवर कधी जाणवलं नव्हतं.

तेव्हापासून तारेला हात लावताना मी मनात एकच शब्द म्हणते, ‘बाजूला’. गेला पॉइंट बाजूला. जिंकलेला असला तरीही, कारण चांगल्या फटक्याचं कौतुक करत राहिलं की पुढचा चेंडू उशिरा दिसतो, हेही मला याच उन्हाळ्यात कळलं.

गेल्या शनिवारी टायब्रेक झाला, म्हणजे ६-६ अशा बरोबरीनंतर सेटचा निकाल लावणारा, सात पॉइंटांचा गेम. ५-५ वर माझी पहिली सर्व्हिस जाळ्यात गेली. दुसरीच्या आधी तारेपर्यंत जायला वेळ नसतो. मी चेंडू हातात फिरवला, त्यावरची शिवण पाहिली, श्वास सोडला. मूठ सैल होती. सर्व्हिस आत पडली, रॅली लांबली आणि शेवटी समोरच्या बाईंनी माझ्या जोडीदारणीच्या डोक्यावरून सुरेख लॉब, म्हणजे उंच फटका, टाकला. पुढचा पॉइंटही त्यांचाच. सेट गेला.

हस्तांदोलन करून मी बाकाशी आले. आईने थर्मासच्या झाकणात चहा ओतला.

“किती झाल्या?” मी विचारलं.

“चौऱ्याण्णव. तुझं काय झालं?”

“हरलो. टायब्रेक ७-५.”

“बस जरा,” ती म्हणाली आणि कापसाची पिशवी सरकवून तिने मला जागा केली. पुढचा सेट वीस मिनिटांनी होता.