ह्या पायाला मी तेल लावायची न्हाई

जेजुरीपर्यंतचं सगळं एकमेकांत मिसळून गेलं आहे. पाऊस दिवे घाटात लागला की सासवडला, हे आता जाऊबाईंना विचारावं लागतं आणि त्या दर वेळी वेगळं सांगतात. जेजुरीत भंडारा उधळला, वाल्ह्यात डास चावले, नीरेत पादुकांना स्नान झालं. चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण लागलं तेव्हा मी गर्दीच्या पार मागे. अश्वाची नुसती शेपटी दिसली. तेवढ्यावर डोळे भरून आले, आणि पुढच्याच क्षणी शेजारच्या बाईने माझ्या पायावर पाय दिला म्हणून तिच्यावर खेकसलेही.

पाय डावा.

दुखत तो आदल्या दिवसापासूनच होता. पण वारीत पाय दुखतात हे कोणाला सांगायचं? सांगायला जावं तर समोरची तिचे फोड दाखवते. आळंदी सोडल्यापासून दोन्ही पोटऱ्या रोज भरून येत होत्या. रात्री राहुटीत वळकटीवर पाय टाकून पडलं की पहाटेच्या काकड्यापर्यंत बऱ्या व्हायच्या. तरडगावच्या मुक्कामात उजवी बरी झाली, डावी झाली नाही. सकाळी चप्पल घालताना उजवा पट्टा नेहमीच्या भोकात बसला, डावा एक भोक सैल करावा लागला. पोटरीची कातडी ताणल्यासारखी चकचकीत दिसत होती आणि हात लावला तर गरम. चालताना वाटेतल्या भजनात पांगुळाचा अभंग लागला तेव्हा मी एकटीच हसले. जाऊबाईंनी डोळे वटारले.

"पहिल्यांदा चालणारीचे पाय सुजतातच," त्या म्हणाल्या. डोक्यावर तुळस, पाठ ताठ, कधी म्हणून कशाला कुरकुर नाही. अशा माणसासमोर आपलं दुखणं फार बारीक वाटतं आणि त्याचा रागही येतो.

फलटणला उपाय भरपूर झाले. एका तंबूत रांगेत उभी राहिले. देणाऱ्याने मान वर न करता दुखण्याच्या गोळ्या दिल्या आणि साडीवरूनच स्प्रे मारला. त्याच्यासमोरची रांग पाहिल्यावर त्याला तरी काय बोलणार? आमच्या दिंडीत एक काका आहेत, जन्मभर दवाखान्यात कंपाउंडर होते. त्यांनी माझा पंजा गुडघ्याकडे ओढला आणि विचारलं, "पोटरीत कळ येते?" "थोडी." "मग शिरेत रक्ताची गाठबीठ काही नाही. असती तर ओरडली असतीस." एका ताईंनी कडुलिंबाचा पाला बांधला. पाय थरथरवणाऱ्या त्या मालिशच्या यंत्रापाशीही मी गेले होते, पण पुढे इतकी गर्दी की कंटाळून परत आले. समाजआरतीला चोपदारांनी दंड उंचावला आणि एवढा अफाट तळ एका क्षणात गप्प झाला. त्या शांततेत मला फक्त माझी पोटरी ऐकू येत होती, ठण ठण.

दुसऱ्या दिवशी विडणी मागे टाकून पिंप्रदला पोचेस्तोवर ऊन असं चढलं की आषाढ आहे हे कोणाला पटलं नसतं. पंगतीला गेले तर खाली बसवेना, बसले तर उठवेना. पिठलं-भाकरी हातात घेऊन उभ्यानेच खाल्ली. रस्त्यापासून थोडं आत एका घराच्या अंगणात बायकांची रांग दिसली. लिंबाखाली बाज, बाजेवर बसलेली वारकरीण, आणि खाली मातीत मांडी घालून एक म्हातारी. घमेल्यात मिठाचं कोमट पाणी, वाटीत तिळाचं तेल. येईल तिचे पाय धुवायची, टॉवेलने पुसायची, तेल लावून चोळायची आणि शेवटी त्या पायांवर डोकं ठेवायची. पैसे पुढे केले की हात झटकायची. पाय धुवून घेताना मोठमोठ्या बायका लाजत होत्या.

माझा नंबर यायला फार वेळ लागला. दिंडी निघायची हाक कधी येईल याची धाकधूक होतीच. तिने आधी उजवा पाय घेतला. बोटं जाड, भेगाळलेली, पण कुठे किती दाबायचं ते त्या बोटांना पक्कं ठाऊक. तळव्यापासून गुडघ्यापर्यंत तिचा हात फिरला आणि मला तिथेच पेंग आली. मग तिने डावा धुतला, पुसला, मांडीवर घेतला, आणि तेलाच्या वाटीकडे गेलेला हात मागे घेतला.

तळहाताची मागची बाजू तिने एका पोटरीला लावली, मग दुसऱ्या. नडगीवर अंगठा दाबून धरला आणि उचलला. खळगा तसाच राहिला. उजव्या पायावर दाबला, तिथे काहीच नाही.

"कदीपास्नं हाय ह्ये?"

"दोन-तीन दिवस झाले. चालून सुजलाय."

"चालून दोन्ही सुजत्यात, माउली. तू काय एका पायानं चाललीस व्हय?" तिने वाटी बाजूला सरकवली. "ह्या पायाला मी तेल लावायची न्हाई."

मला इतका राग आला! एवढ्या उन्हात उभं राहायचं, माझ्या पुढच्या सगळ्यांचे पाय चोळून व्हायचे, आणि मलाच नकार. मागच्या बायकांची कुजबुज सुरू झाली. एक जण म्हणालीही, "लावा हो थोडं, सेवेला नाही कशाला म्हणता?" म्हातारी तिला काही बोलली नाही. मला म्हणाली, "माजी नणंद हुती. बाळतीण. असाच एक पाय भरला, गरम लागायचा. सुईण रोज चोळायची, आमी बी चोळला. एक दिस परसाकडनं आली, छातीत कळ आली म्हणाली. धाप लागली. पाणी मागितलं, म्या तांब्या आणूस्तवर हुती न्हवती झाली. चोळल्यानं गेली का तशीच जानार हुती, त्ये मला काय ठावं? डागदर म्हनला, रगत गोटून छातीत गेलं. तवापास्नं एकाच बाजूनं सुजलेल्या पायाला मी तेल लावत न्हाई. इट्टलाचा आसला तरी."

एवढं सांगून तिने माझ्या त्या पायावर डोकं ठेवलं आणि नातवाला हाक मारली.

नातू कॉलेजातला असावा. त्याने मोटारसायकल काढली. रस्ता दिंड्यांनी गच्च, म्हणून त्याने उसाच्या बांधावरून गाडी घातली. मागे मी, माझ्यामागे जाऊबाई. हो, जाऊबाई आल्या. डोक्यावरचं तुळशीवृंदावन दुसरीच्या डोक्यावर ठेवून आल्या. पालखीची वाट त्यांनी त्याआधी कधीही सोडलेली नव्हती आणि हे त्यांनी मला बांध संपेपर्यंत ऐकवलं.

आरोग्य पथकाच्या तंबूत एक तरुण डॉक्टर मॅडम होत्या. त्यांनी दोन्ही पाय शेजारी ठेवून पाहिले आणि टेप आहे का म्हणून मदतनिसाला विचारलं. नव्हती. माझ्या पिशवीत होती, मी शिवणकाम करते, टेप नाही असं कधी होत नाही. गुडघ्याच्या वाटीखाली नडगीचा जो उंचवटा असतो त्याच्या दहा सेंटिमीटर खाली त्यांनी घेर मोजला. उजवी 33, डावी 36 आणि वर अर्धा. आयुष्यभर लोकांची मापं घेतली, पण आकडा ऐकून छातीत धस्स पहिल्यांदाच झालं. तीनपेक्षा जास्त फरक म्हणजे दुर्लक्ष करायचं नाही, त्या म्हणाल्या.

मग प्रश्न. आधी कधी असं झालं होतं का? घरात कोणाला गाठ? एवढ्यात ऑपरेशन, प्लास्टर? आळंदीला कशा आलात? परभणीहून रात्रभर गाडीत बसून. पाणी किती पिता? इथे मी गप्प बसले. वाटेत आडोसा मिळत नाही म्हणून आम्ही बायका पाणी मोजूनच पितो, हे त्यांना सांगायची गरजही पडली नाही, त्यांनी मान हलवली. मग आवाज खाली आणून विचारलं, "पाळी पुढे ढकलायची गोळी चालू आहे?"

होती. नॉरएथिस्टेरॉन, दिवसातून तीन वेळा. वारीत बऱ्याच जणी घेतात. मेडिकलवाला चॉकलेट द्यावं तशी देतो आणि कोणीही काही विचारत नाही. मॅडमनी सांगितलं की घेणाऱ्या बहुतेक बायकांना काही होत नाही, पण या गोळीने रक्त गोठायचा धोका थोडा वाढतो. त्यात तासन् तास बसून प्रवास, अंगात पाणी कमी, वय, वजन, हे एकावर एक चढत जातं. मला त्या क्षणी गोळीपेक्षा, ती घ्यावीशी वाटायला लावणाऱ्या सगळ्यांचाच संताप आला. मॅडमनी गोळी बंद करायला सांगितली.

काकांची पंजा ओढायची परीक्षाही मी सांगितली. "त्यावर विसंबू नका. गाठ असून दुखत नाही आणि नसताना दुखतं, दोन्ही होतं." हे स्नायू ताणल्याचंही असू शकेल, फोडातून जंतू शिरून पाय लाल झाला असंही असू शकेल, हाताने पाहून कोणालाच छातीठोक सांगता येत नाही. डॉप्लर, म्हणजे पायातल्या शिरांची सोनोग्राफी करायची, आणि ती आजच. बरडला पोचून नाही, रिंगण झाल्यावर नाही.

जाऊबाईंनी विचारलं, "वाखरीपर्यंत नाही का थांबता येणार?"

मॅडम त्यांच्याकडे वळल्या. "आजी, पायातली गाठ पायात राहिली तर आपल्याला वेळ आहे. तिचा तुकडा सुटून फुप्फुसात गेला तर नाही. बसल्या जागी अचानक धाप लागली, श्वास घेताना छातीत टोचलं, खोकल्यातून रक्त आलं, भोवळ आली, तर मग विचारत बसायचं नाही, 108." घाट चढताना सगळेच धापा टाकतात, पण ती धाप थांबलं की बसते, हेही त्यांनी सांगितलं. पाय चोळायचा नाही, शेकायचा नाही, पट्टा आवळायचा नाही. दुखण्याच्या गोळीने कळ कमी होईल, गाठ तशीच राहील. जाऊबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत ऐकत होत्या.

रुग्णवाहिका फलटणकडे निघाली. सगळं जग पंढरपूरकडे चाललेलं आणि आम्ही उलट्या. समोरून पताकाच पताका. टाळकरी बाजूला होत होते, काचेतून मला हात जोडत होते. मला लाज वाटत होती. मेल्यासारखी आडवी होऊन वारकऱ्यांचे नमस्कार घेत होते, आणि तरी मनात विचार काय, तर माझी वळकटी दिंडीच्या ट्रकमध्ये राहिली आणि तिच्यात नवी साडी आहे.

डॉप्लरमध्ये जेल लावून शीर दाबून बघतात. निरोगी शीर दाबली की चपटी होते. माझ्या मांडीतल्या शिरा होत होत्या. गुडघ्यामागे यंत्र आलं आणि तिथली शीर दबेना. डॉक्टरांनी पडदा माझ्याकडे वळवून दाखवलं. मला राखाडी ढगाशिवाय काही कळलं नाही, पण पुन्हापुन्हा दाबूनही त्यांचा हात तिथेच अडत होता, ते कळलं. पोटात इंजेक्शनं सुरू झाली, रक्त पातळ ठेवायची गोळी निदान तीन महिने घ्यायची ठरली. हे औषध गाठ विरघळवत नाही म्हणे. ते तिला वाढू देत नाही, बाकीचं काम शरीर करतं. हिरड्यांतून रक्त, काळी शी, डोक्याला मार, यातलं काही झालं तर लगेच यायचं. जाऊबाईंनी दवाखान्याच्या कॉटशेजारी खाली बसून हरिपाठ म्हटला. शेजारच्या पेशंटच्या मुलाने आवाज कमी करा म्हटलं, त्यांनी केला नाही.

दवाखान्यातून सुटल्यावर उरलेले दिवस जाऊबाईंच्या माहेरच्या ओळखीच्या घरी काढले. तोवर माळशिरस, वेळापूरचा धावा, सगळं मोबाइलवर पाहिलं. घरात थोडंथोडं चालायला डॉक्टरांनी उलट सांगितलंच होतं, दिवसभराची मजल तेवढी नको म्हणाले. मन कुठे लागत नव्हतं. विठ्ठलावर रुसले होते, त्याला बोलूनही दाखवलं. दशमीला परवानगी घेऊन गाडीने निघालो, तासातासाला उतरून पाय मोकळे करत. जाताना पिंप्रदला थांबलो तर म्हातारी शेतात गेलेली. तिच्यासाठी घेतलेली साडी सुनेकडे दिली. ती म्हणाली, सासूबाई घेणार नाहीत. मग तुम्ही नेसा, म्हटलं.

पंढरपूरला आमच्या मठात शिरले तर वळकटी ट्रकमधून कोरडी उतरली होती आणि माझी कथा माझ्याआधी पोचली होती. आमच्या राहुटीतली गोळ्या घेणारी एक जण मला कोपऱ्यात घेऊन गेली आणि दबक्या आवाजात बराच वेळ विचारत राहिली. मग एकेक बाई लुगडं वर करून पोटरी दाखवायला आली. मी टेप काढली. बहुतेकींचे दोन्ही पाय सारखेच सुजलेले, सकाळी उतरणारे. एकीचा उजवा घोटा चांगला टम्म होता, दगडावर मुरगळला होता म्हणाली, तरी तिला दवाखान्याच्या तंबूत धाडलंच. शेवटी आमचे विणेकरी बुवा आले, वीणा दुसऱ्याच्या गळ्यात देऊन. धोतर गुडघ्यापर्यंत धरून उभे राहिले आणि नजर छताकडे. दोन्हीकडे 31. बुवा, पाय ठीक आहेत, ती चप्पल तेवढी बदला, म्हटलं.