यंदा वही नको

बुधवार, डिसेंबरचा पहिला आठवडा. रात्रीचे साडेअकरा.

झोप येईना म्हणून उठून बसलोय. बाहेर उसाच्या ट्रॉल्या चालल्यात, एक गेली की दुसरी. ही गाढ झोपलीय.

सकाळी अमेरिकेतून शुभाचा फोन आला, कॅरिबियन समुद्रातल्या बोटीच्या सहलीबद्दल. "पप्पा, मार्चचं बुकिंग करून टाकलं. ओमच्या सुट्टीत. सात रात्री, फ्लोरिडातल्या पोर्ट कॅनाव्हरलवरनं. कोझुमेल, रोआतान, कोस्टा माया. तुम्ही आता काही शोधत बसू नका." मग जरा थांबून म्हणाली, "आणि यंदा वही आणू नका हं."

हसतच म्हणाली. मीही बरं म्हटलं. चहा घेतला, वखारीची चावी घेतली, तासभर तिथं बसून आलो. (वखारीत आता बसण्यासारखं काही राहिलेलं नाही, तो विषय वेगळा.) पण दिवसभर डोक्यात तेवढंच. यंदा वही नको.

बुकिंग केलं याचं वाईट वाटलं नाही. पैसे ती भरते, सुट्टी तिची. मला विचारलं असतं तर काय बिघडलं असतं? एक फोन. "पप्पा, हे दोन पर्याय आहेत, कुठला घेऊ?" एवढंच.

वही म्हणजे वखारीतली लाल कापडी बांधणीची खातेवही, कोरी राहिलेली. 2014 च्या पहिल्या खेपेपासून मी तीच वापरतो. डाव्या पानावर बोट, उजव्या पानावर बंदरं. रात्री किती, त्यातले नुसते समुद्रातले दिवस किती, बंदरात बोट किती वाजता लागते आणि किती वाजता सुटते, धक्क्याला लागते की बाहेर नांगर टाकते, खोली कुठल्या मजल्यावर, दरडोई रोजची टिप, आणि शेवटचा हप्ता कधी. पाच खेपांचा हिशेब आहे त्यात. न केलेल्या खेपांचा तर त्याच्या चौपट.

जाहिरातीत सगळ्या बोटी सारख्याच चकचकीत दिसतात. वहीत मांडल्या की फरक कळतो. पूर्वेकडची वाट म्हणजे सेंट थॉमस, सेंट मार्टिन, तिथं किनारे सुरेख. पश्चिमेची म्हणजे कोझुमेल, रोआतान, जमैका, ग्रँड केमन. ग्रँड केमनला मोठ्या बोटींसाठी धक्काच नाही. बोट लांब उभी राहते, छोट्या होड्यांतून माणसं किनाऱ्यावर न्यावी लागतात, आणि समुद्र खवळलेला असला तर बोट ते बंदर सोडून सरळ पुढं निघते. किनारा समोर दिसत असतो आणि पाय लागत नाही. आम्ही गेलो त्या दिवशी समुद्र शांत होता. ही त्या छोट्या होडीत बसली आणि म्हणाली, "अहो, हा तर पडावच की." वेंगुर्ल्याला मुंबईची आगबोट अशीच लांब उभी राहायची आणि तिचे आजोबा तिला कडेवर घेऊन पडावात उतरायचे. त्या दिवशी ती जितकी बोलली तितकी सबंध प्रवासात बोलली नव्हती. गुडघा तेव्हा धड होता.

आणि दक्षिणेची वाट. अरुबा, बोनेर, कुराकाओ, बार्बाडोस, सेंट लुसिया. मला हीच सगळ्यांत आवडते. फ्लोरिडातून निघणाऱ्या बोटीला तिथं जाऊन यायला बहुतेक दहा-एक रात्री लागतात. सात रात्रींत करायचं तर विमानानं पोर्तो रिकोतल्या सॅन ह्वानला जाऊन तिथून बोट धरायची. पोर्तो रिको अमेरिकेचाच भाग, त्यामुळं व्हिसाची वेगळी भानगड नाही. वादळांचा मोसम 1 जून ते 30 नोव्हेंबर, सप्टेंबरात सगळ्यांत जोर. पण अरुबा, बोनेर, कुराकाओ ही तिन्ही बेटं पार खाली, दक्षिण अमेरिकेच्या जवळ असल्यानं वादळांच्या नेहमीच्या वाटेबाहेर राहतात. 2017 च्या सप्टेंबरात इर्मा वादळानं सेंट मार्टिन मोडून टाकलं तेव्हा आम्ही पूर्वेचा बेत सोडला आणि 2018 च्या जानेवारीत दक्षिण धरली. ते सगळं माझ्या वहीमुळं जमलं होतं. शुभाच तेव्हा जावईबापूंना म्हणाली होती, पप्पांना विचारा, त्यांना सगळं पाठ आहे.

सेंट मार्टिनला आम्ही पहिल्या खेपेला गेलो होतो. एवढंसं बेट, अर्धं डचांचं, अर्धं फ्रेंचांचं. 1648 मध्ये वाटून घेतलं. मधे नुसती पाटी आहे, गाडी न थांबता पलीकडं जाते. मला आपला महाराष्ट्र-कर्नाटक हद्दीवरचा कोगनोळीचा नाका आठवला. जाऊ दे ते.

तर या ऑक्टोबरपासून मी सॅन ह्वानची सहा पानं भरली होती. शुभाला दिवाळीत सांगणार होतो, राहून गेलं. मग वाटलं, पूर्ण करूनच सांगू. आता सांगायचं काय?

एवढी वर्षं ज्या कामासाठी मला विचारायचे ते कामच संपलं, असं सकाळी वाटलं. वखारीत माल उघडला की वासावरून भाव सांगायचो, लोक माझ्या तोंडाकडं बघायचे. ते गेलं. मग हे होतं. पोरगी मोठी झाली, तिला सगळं येतं, हे मला कळत का नाही? कळतं. तरी विचारावं.

दुपारी जेवताना हिला सांगितलं. वाटलं होतं, ही म्हणेल, शुभानं असं करायला नको होतं. ही ताक ओतत होती. म्हणाली, "मला विचाराल तर बरं झालं."

मी गप्प बसलो. मग तिनं कुराकाओचं काढलं.

विलेमस्टॅडला क्वीन एमा नावाचा लाकडी फळ्यांचा पूल आहे, 1888 चा. खाली होड्यांसारखे तरंगते तराफे. जहाज आलं की घंटा वाजते, आणि अख्खा पूल दारासारखा एका बाजूला फिरतो. वर उभी असलेली माणसं पुलाबरोबरच फिरतात. तिथले लोक त्याला झुलती म्हातारी म्हणतात. समोर रंगीत घरांची ओळ, पिवळं, निळं, गुलाबी. माझ्या वहीत त्या दिवसाची नोंद आहे: घंटा 11.10, पूल पुन्हा जोडला 11.35, बोट सुटण्याची वेळ 5.00.

ही म्हणाली, "तुम्ही घड्याळ बघून लिहीत होता. पायाखालचा पूल निघाला तेव्हा मी तुमचा हात धरायला गेले, तर हातात वही. मी कठड्याला धरून उभी राहिले. एवढी भ्याले होते. मग मजा वाटायला लागली, तुम्हाला सांगायला वळले, तर तुम्ही पुलाच्या त्या टोकाला. वेळ विचारायला गेला होता."

तिनं हे रागानं सांगितलं नाही. ताकाचं भांडं पुढं केलं आणि मीठ बघा म्हणाली. सात वर्षं झाली त्याला, कधी बोलली नव्हती. मला त्यातलं काहीच आठवत नाही. घंटा आठवते. 11.10 आठवतं.

संध्याकाळी शुभाला न कळवता त्या बोटीची माहिती काढली. सवय जात नाही. मोठी बोट आहे, ओमसाठी घसरगुंड्या आहेत, लाटांवर उभं राहायचा खेळ आहे. हल्ली बोटीच अशा निघाल्यात. 2024 च्या जानेवारीत आयकॉन ऑफ द सीज आली, तिला 20 मजले, पाण्याच्या सहा घसरगुंड्या आणि साडेसात हजारांवर माणसं मावतात. म्हणजे आमच्या आसपासचं एखादं मोठं गावच पाण्यावर. मला अशा बोटी आवडत नाहीत, बंदरावर उतरायला रांग लागते. पण ओम नऊ वर्षांचा आहे. त्याला तो पूल दाखवला असता तर त्यानं दोन मिनिटं बघितला असता आणि मग आजोबा, आता काय, म्हणाला असता. आणि विमानाचे दिवस धरून दहा दिवसांची रजा शुभाला मिळत नाही, हे तर मलाही माहीत होतं. तरी मी सहा पानं भरली. तिच्यासाठी भरत होतो, की माझ्यासाठी?

पश्चिमच बरी या खेपेला. कोझुमेल, रोआतान, कोस्टा माया, तिन्हीकडं बोट धक्क्याला लागते. हिच्या गुडघ्याला होडीत उतरायची कसरत नाही. शुभानं हे बघूनच घेतलं असेल का? मी विचारलंच नाही तिला. ती मला विचारत नाही म्हणून दिवसभर कुढलो, आणि मीही तिला काही विचारलं नाही.

फक्त खोली चुकली आहे. शुभानं पाठवलेल्या कागदावर नंबर होता, तो नकाशावर शोधला. नाकाच्या बाजूला आहे, आणि बरोबर वर पोहण्याच्या तलावाचा मजला. पहाटे पाचला खुर्च्या सरकवायला लागतात, तो खरखर आवाज छतातून सरळ डोक्यात येतो. दुसऱ्या खेपेला सात रात्री सोसलाय. पुढच्या टोकाला हेलकावेही जास्त. खोली घ्यावी मध्यावर, खालच्या मजल्यांत, वर-खाली दोन्हीकडं लोकांच्या खोल्याच असतील अशी. हिला मळमळतं, दोन दिवस नुसत्या लिंबावर काढते. शेवटचा हप्ता साधारण 75 ते 90 दिवस आधी भरायचा असतो, म्हणजे अजून आठ-दहा दिवस हातात आहेत, तोवर खोली बदलणं सोपं जातं.

उद्या सकाळी सातला फोन करीन. तिकडं रात्रीचे साडेआठ, ओम जेवलेला असेल. खोलीचं तेवढं सांगायचं. आणि जमलं तर घड्याळाचं. मार्चमध्ये अमेरिकेतली घड्याळं तासभर पुढं जातात, कोझुमेलची जात नाहीत. तिथल्या दुकानातल्या घड्याळाच्या भरवशावर राहिलं तर बोट निघून जाते. हातातलं घड्याळ बोटीच्या वेळेवरच ठेवायचं. सॅन ह्वानचं काही बोलणार नाही. तिनं काढलंच तर बघू.

आत्ता वही काढून विलेमस्टॅडचं पान उघडलं. 11.35 च्या पुढं थोडी जागा होती. तिथं लिहिलं: ही कठड्याला धरून उभी होती.